जोगेश्वरीचे लेणे आणि संशोधनाच्या सीमारेषा

१

एखाद्या प्राचीन वास्तूचा इतिहास लिहिताना आपण तिच्या निर्मात्यांचा, तिच्या काळाचा आणि तिच्यामागील धर्मकल्पनांचा शोध घेतो. परंतु त्या वास्तूविषयीचे आपले ज्ञान कसकसे वाढत गेले, कोठे अडले, कोठे चुकले व कशामुळे सुधारले, याचाही एक इतिहास असतो. तो सहसा लिहिला जात नाही. मुंबईच्या उपनगरातील जोगेश्वरीच्या लेण्याच्या बाबतीत तो लिहावा, असे प्रस्तुत लेखकास वाटण्याचे कारण तात्कालिक आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 'बहुविद्याशाखीय' आणि 'आंतरविद्याशाखीय' हे शब्द आपल्या विद्यापीठांतून सर्वत्र ऐकू येऊ लागले आहेत. निरनिराळ्या विषयांचे अध्यापक एका टेबलाभोवती बसविले म्हणजे संशोधन आपोआप आंतरविद्याशाखीय होते, अशी एक समजूत त्याबरोबर रूढ होऊ पाहत आहे. ही समजूत कितपत खरी आहे हे तत्त्वचर्चेने ठरविण्यापेक्षा एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणावरून पारखून पाहणे अधिक श्रेयस्कर होय. जोगेश्वरीचे उदाहरण त्या दृष्टीने उद्बोधक आहे. शिल्पेतिहास, नाणकशास्त्र, पुराभिलेखविद्या, साहित्य, भाषाशास्त्र, भूविज्ञान आणि अखेरीस कायदा अशा अनेक विद्यांनी या एका लेण्याला स्पर्श केला आहे. त्यांच्या परस्परसंबंधांतून काय निष्पन्न झाले ते पाहू.

२

लेण्याची रचना प्रथम थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पूर्वेकडून पायऱ्या उतरून आत गेले की प्रवेशमंडप, चौक आणि त्यापुढे स्तंभयुक्त प्रशस्त सभामंडप लागतो. मंडपाच्या मधोमध चारी दिशांना द्वारे असलेले गर्भगृह आहे. दक्षिणेकडे लांबलचक पडवी व तिच्यापुढे अंगण आहे. शिल्पे पुष्कळशी झिजलेली असली तरी त्यांचे विषय शैव आहेत याविषयी संशय राहत नाही. द्वारावरील लकुलीशाची प्रतिमा तर पाशुपत संप्रदायाकडेच बोट दाखविते. मात्र हे लेणे कोणी व केव्हा कोरविले हे सांगणारा एकही दानलेख तेथे नाही. जोगेश्वरीविषयीच्या सर्व संशोधनाचा इतिहास वस्तुतः या एका अभावाचा इतिहास आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हे लेणे युरोपीय विद्वानांच्या नजरेत भरले. हेक्टर मॅकनील याने १७८३ मध्ये मुंबईहून लिहिलेले, कान्हेरी, आंबोली व घारापुरी येथील लेण्यांचे वर्णन करणारे पत्र लंडनच्या 'आर्किऑलॉजिया' या नियतकालिकात १७८७ साली छापले गेले. त्याच्या शीर्षकात आपले लेणे 'अम्बोला' या नावाने येते, हे पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावयास हवे. पुढे १८०४ मध्ये मुंबईत लिटररी सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या निबंधांच्या १८१९ साली निघालेल्या पहिल्या खंडात हेन्री सॉल्ट याचा साष्टीतील लेण्यांवरील लेख प्रसिद्ध झाला. ही सर्व वर्णने प्रवाशाच्या दृष्टीने लिहिलेली आहेत. मोजमापे, कुतूहल आणि विस्मय त्यांत आहेत. कालनिर्णयाची पद्धती नाही.

ती पद्धती जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांनी आणली. त्यांचा 'केव्ह टेंपल्स ऑफ इंडिया' हा ग्रंथ १८८० साली प्रसिद्ध झाला. वेरूळचे धुमार लेणे, घारापुरीचे मुख्य लेणे आणि जोगेश्वरी ही तिन्ही एकाच वास्तुकल्पनेची रूपे आहेत, हे त्यांनी अचूक ओळखले. पण त्यांचा क्रम लावताना त्यांनी शैलीच्या ऱ्हासाची कसोटी वापरली. जे अधिक रेखीव ते आधीचे, जे विस्कळीत व शिथिल ते नंतरचे, या न्यायाने जोगेश्वरीला त्यांनी रांगेच्या शेवटी उभे केले आणि आठव्या शतकाच्या उत्तरार्धात टाकले. त्यांच्याजवळ असलेल्या साधनांचा विचार करता हा निर्णय अविचारी नव्हता. त्यातील दोष वेगळाच होता. प्रयोगाची पहिली अवस्था आणि परंपरेची शेवटची अवस्था या दोन्ही सारख्याच ओबडधोबड दिसू शकतात, आणि केवळ रूपाकडे पाहून त्यांतील भेद सांगता येत नाही. तो सांगण्यास रूपाबाहेरचा पुरावा लागतो.

३

हा बाहेरचा पुरावा नाण्यांनी, ताम्रपटांनी आणि एका संस्कृत कथाग्रंथाने मिळून पुरविला.

कलचुरी नृपती कृष्णराज याची लहान रौप्यनाणी पश्चिम भारतात विस्तृत प्रदेशावर आढळली आहेत. तीवर नंदी असून राजाला 'परममाहेश्वर' म्हटलेले आहे. हा राजा सहाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणातील होय. घारापुरीच्या बेटावर याच राजाची तांब्याची, हलक्या किमतीची नाणीही सापडली व शोभना गोखले यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मौल्यवान नाणे व्यापाऱ्याबरोबर दूरवर जाते. हलके नाणे बहुधा जेथे खर्च होते तेथेच राहते. बेटावर मोठे काम चालू असता मजुरी चुकविण्यासाठी अशी नाणी वापरली गेली असावीत, हे अनुमान म्हणूनच पुढे आले.

दुसरीकडे वा. वि. मिराशी यांनी कलचुरी-चेदी संवताचे कोरीव लेख १९५५ साली संपादून प्रसिद्ध केले. त्यांतील ताम्रपटांवरून कलचुरी राजकुल पशुपतीचे उपासक होते हे स्पष्ट झाले. बुद्धराजाच्या वडनेर ताम्रपटात तर त्याची राणी अनन्तमहायी हिचा पाशुपत म्हणून निर्देश आहे. लकुलीशाचा काळही तोवर निश्चित होत आला होता. मथुरा येथील गुप्त संवत ६१ च्या, म्हणजे इसवी सन ३८० च्या स्तंभलेखाचे देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी केलेले वाचन त्यास मुख्यतः कारणीभूत झाले. अशा रीतीने जोगेश्वरीच्या द्वारावरील लकुलीश आणि कलचुरींचा राजधर्म यांची सांगड घालता येण्याजोगी परिस्थिती निर्माण झाली.

तिसरा धागा साहित्याचा. दण्डीच्या 'दशकुमारचरिता'तील विश्रुताच्या कथेत विदर्भाच्या एका राज्याच्या पतनाचे वर्णन आहे. त्यात वाकाटकांच्या अखेरीची स्मृती असावी, असे मत मिराशींनी मांडले होते. अमेरिकन कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक याने तो विचार पुढे नेला. हरिषेणाच्या मृत्यूनंतर अजिंठ्याचे काम थांबले, तेथील कारागीर आश्रयाच्या शोधात पांगले आणि त्यांच्या परंपरेचा एक प्रवाह कोकणात पोहोचला, असे त्याचे प्रतिपादन आहे. 'अजंता टु एलोरा' या १९६७ च्या ग्रंथापासून त्याने हा सिद्धांत सातत्याने विकसित केला. त्याच्या मते जोगेश्वरी हे भारतातील पहिले मोठे हिंदू लेणे होय, आणि एकूण लांबीच्या दृष्टीने सर्वांत मोठेही.

याचा अर्थ क्रम नेमका उलटा झाला. बर्जेसच्या रांगेत जे शेवटी होते ते पहिले ठरले. त्यानंतर घारापुरी आणि त्यानंतर धुमार लेणे. आठव्या शतकाचे लेणे सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात गेले. ज्या शैथिल्यास ऱ्हास म्हटले गेले होते त्यास आता प्रारंभीची चाचपड म्हणता आले. दगड तोच, खांब तेच, शिल्पे तीच. बदलला तो त्यांच्याशेजारी ठेवलेला पुरावा.

हा विषय येथे संपला असे मात्र समजू नये. स्पिंकचा कालक्रम फार थोड्या वर्षांत फार मोठ्या घटना बसवितो, असा आक्षेप अनेक विद्वानांनी घेतलेला आहे. पुलकेशी दुसऱ्याच्या ऐहोळे प्रशस्तीत, म्हणजे शके ५५६ (इसवी सन ६३४) मध्ये, कोकणच्या मौर्यांचा व पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हटलेल्या पुरी नगरीचा उल्लेख आहे. त्याच्या आधारे या लेण्यांचे श्रेय मौर्यांकडे देणारेही अभ्यासक आहेत. शिवाय 'दशकुमारचरित' हा कथाग्रंथ आहे, बखर नव्हे. कथेतील राजा आणि इतिहासातील राजा यांचे साम्य दाखविणे सोपे, सिद्ध करणे कठीण. शिल्पेतिहासाने साहित्याकडून पुरावा उसना घेतला, तेव्हा त्या पुराव्याची मूळ शास्त्रात जी किंमत आहे तीच नव्या शास्त्रातही धरावी लागते. उसना पुरावा घरी आणताना वाटेत वजनदार होत नाही.

४

भाषाशास्त्राचा अभ्यासक म्हणून लेखकाचे लक्ष साहजिकच नावांकडे जाते. १७८३ मध्ये लेण्याचे नाव गावावरून 'आंबोली' असे दिले गेले. एकोणिसाव्या शतकात 'जोगेश्वरी' आणि 'आंबोली' ही दोन्ही नावे शेजारी चालत होती. आज लेणे जोगेश्वरीचे, रेल्वे स्थानक जोगेश्वरी, अवघे उपनगरही जोगेश्वरी. आंबोली हे नाव पश्चिमेकडे, अंधेरीच्या बाजूस एका भागापुरते उरले आहे. प्रथम लेण्याने गावाचे नाव घेतले आणि नंतर लेण्यातील देवतेने आपले नाव भोवतालच्या वस्तीला दिले.

ही दोन्ही नावे वेगवेगळ्या थरांतील आहेत. 'आंबोली'तील उत्तरपद बोरिवली, कांदिवली, बांदिवली यांतील '-वली'शी जोडता येते आणि ते 'पल्ली' या शब्दापर्यंत नेता येते. येथे ध्वनिनियम साक्ष देतात. स्वरमध्य 'प'चा 'व' होणे नियमित आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, दोन स्वरांमधील एकेरी 'ल' मराठीत 'ळ' होतो, तर दुहेरी 'ल्ल'चा 'ल' राहतो, हे झ्यूल ब्लॉक याने मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात दाखविले आहे. '-वली'मध्ये 'ळ' नसून 'ल' आहे, यावरून मागे 'ल्ल' असला पाहिजे हे दिसते. 'आंबवली'तील 'अव'चा 'ओ' होऊन 'आंबोली' होणेही मराठीच्या प्रकृतीस धरून आहे. तेव्हा 'आंब्यांची पल्ली' ही व्युत्पत्ती ध्वनिनियमांशी सुसंगत ठरते.

'जोगेश्वरी'ची घडण निराळी. यात्रा-जत्रा, युग-जुग, योगी-जोगी यांप्रमाणे पूर्वपदात आद्य 'य'चा 'ज' झालेला आहे. पण उत्तरपद 'ईश्वरी' मात्र अविकृत संस्कृत आहे. लोकभाषेत झिजलेला शब्द आणि विद्वानांच्या तोंडचा शब्द यांचा हा जोड आहे. शिल्पे शिवाची, उपासना देवीची आणि नाव अर्धे प्राकृत, अर्धे संस्कृत! गर्भगृहातील उपासनेचे रूप काळाच्या ओघात पालटले, ही गोष्ट शिल्पांइतकीच या नावानेही सूचित होते.

परंतु भाषाशास्त्राने आपल्या मर्यादेबाहेर जाऊ नये, हेही याच नावांवरून दाखविता येते. बीड जिल्ह्यातील आंबेजोगाई येथे योगेश्वरीचे प्रख्यात स्थान आहे. ती अनेक कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता आहे. आणि त्या गावातही शैव लेणे आहे. इकडे आंबोली व जोगेश्वरी, तिकडे आंबे व जोगाई! एवढे साम्य दिसल्यावर एक सिद्धांत उभारण्याचा मोह कोणास होणार नाही? तथापि इकडील 'आंब' हे ग्रामनामाचे पूर्वपद असून वर सांगितल्याप्रमाणे त्याचा उलगडा 'आम्र' शब्दाने नीट होतो. तिकडच्या नावाचा विचार तिकडील लेखांच्या आधारे स्वतंत्रपणे व्हावयास हवा. नुसत्या नादसाम्यावर दोन स्थळांचा इतिहास एकत्र बांधणे म्हणजे बर्जेसने रूपसाम्यावर जे केले तेच आपण ध्वनिसाम्यावर करणे होय.

याच्या उलट, भाषेचा पुरावा लेखांशी जुळला म्हणजे केवढा बळकट होतो याचे उदाहरण 'साष्टी' या नावातच आहे. शिलाहारांच्या ताम्रपटांत या प्रदेशास 'षट्षष्टि' विषय म्हटलेले आहे. सहासष्ट गावांचा प्रदेश या अर्थाचा हा शब्द 'साष्टी' होऊन आजवर टिकला, आणि गोव्यातील सासष्टीतही तोच अर्थ नांदतो. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'महिकावतीच्या बखरी'त या परिसरातील ग्रामनामांचा मोठा साठा आहे. ताम्रपट, बखर आणि आजची बोली ही तीन साधने एका नावावर एकवाक्यतेने साक्ष देतात, तेव्हा तेथे अनुमानास क्वचितच जागा उरते.

५

आतापर्यंत ज्या विद्यांचा विचार केला त्या भूतकाळ जाणू पाहणाऱ्या आहेत. लेण्याचा वर्तमानकाळ जाणण्यास भूविज्ञान लागते. मुंबईचा खडक सर्वत्र एकसारखा नाही. दख्खनच्या पठाराचे मुख्य लाव्हास्तर साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे. परंतु किरणोत्सर्गी कालमापनाने मुंबईचे काही खडक त्याहून अलीकडचे, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचे ठरले आहेत. जोगेश्वरीच्या शेजारचा अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा स्तंभाकृती बेसाल्टचा उभा कडा त्यांपैकीच होय. गिल्बर्ट हिलचा दगड कठीण आहे. साष्टीतील लेणी मात्र बहुतांशी कोणाश्मासारख्या, म्हणजे ज्वालामुखीतून उडालेले तुकडे व राख एकत्र घट्ट होऊन बनलेल्या खडकांत कोरली आहेत. असा खडक छिन्नीला लवकर वश होतो आणि पाण्यालाही लवकरच वश होतो.

येथे शिल्पेतिहासाने एक गोष्ट भूविज्ञानाकडून शिकावयास हवी होती. जोगेश्वरीच्या शिल्पांचे शैथिल्य म्हणून जे पूर्वसूरींनी नोंदविले, त्यात कारागिराच्या हातचे किती आणि शतकानुशतके झिरपलेल्या पाण्याचे किती? कौशल्याचा अभाव आणि दगडाची झीज यांत भेद न केल्यास शैलीविषयीचे कोणतेही विधान डळमळीत राहते. बर्जेसचा निष्कर्ष नाण्यांनी खोडला. पण खडकाची नीट परीक्षा झाली असती तर त्याविषयी संशय कितीतरी आधीच उत्पन्न झाला असता.

पाण्याचा प्रश्न आज अधिक तीव्र आहे. लेणे जमिनीच्या पातळीखाली असून त्याच्या माथ्यावर व सभोवती दाट वस्ती उभी राहिली. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण, असा नियम १९९२ च्या अधिसूचनेने घातला व २०१० च्या दुरुस्तीने तो कायद्यातच समाविष्ट झाला. परंतु नियम होण्यापूर्वीच घरे होती. २००० नंतरच्या दशकात हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. एका बाजूस दीड हजार वर्षांचे शिल्प आणि दुसऱ्या बाजूस पोटासाठी शहरात आलेल्या माणसांचे छप्पर, असा हा पेच आहे. स्मारकाच्या प्रेमाने त्या माणसांना केवळ 'अतिक्रमण' या एका शब्दात गुंडाळून टाकणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभत नाही.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात लेखक काही विद्यार्थ्यांसह तेथे गेला होता. खांबांच्या घडणीवर आमची चर्चा चालली असता, दर्शनास आलेल्या एका वृद्ध बाई थांबून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "चार दिवस पाऊस लागला की पाणी या अंगानं उतरतं, त्या अंगानं नाही. पूर्वी इकडूनही येत नव्हतं." कोणत्या भिंतीवर पाणी केव्हापासून येऊ लागले, याची ही साक्ष होती, आणि आमच्यापैकी कोणाच्याही वहीत तिच्यासाठी रकाना नव्हता. शिल्पेतिहासाच्या विद्यार्थ्याला ती भूविज्ञानाची वाटली, भाषेच्या विद्यार्थ्याला बोलीचा नमुना वाटली. तिचा खरा उपयोग लेण्याच्या संरक्षणासाठी होता.

६

अलीकडील एका उपक्रमाचा उल्लेख या संदर्भात करावयास हवा. मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल शिक्षण विभाग, साठ्ये महाविद्यालयाचा प्राचीन भारतीय संस्कृती विभाग आणि 'इन्स्टुसेन' ही संस्था यांनी मिळून २०१५ नंतरच्या काही वर्षांत साष्टीचे पुरातत्त्वीय सर्वेक्षण हाती घेतले. उपनगरांतील गावठाणे, पाडे, तळ्यांचे काठ व देवळांची आवारे पायी फिरून सुटी शिल्पे, वीरगळ, गधेगळ आणि जुन्या मंदिरांचे अवशेष नोंदविण्यात आले. या कामाचे मोल केवळ सापडलेल्या वस्तूंत नाही. गधेगळासारखी वस्तू एकाच वेळी शिल्प, शासन, शापवचन आणि भाषेचा नमुना असते. ती कोणत्या विषयाची हा प्रश्नच तेथे निरर्थक ठरतो. ती जेथे उभी आहे तेथे कोणी तिला शेंदूर लावून देव मानते, आणि म्हणूनच बहुधा ती टिकली आहे. नोंद करणाऱ्यास त्या श्रद्धेचीही नोंद करावी लागते.

आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. जोगेश्वरीविषयीच्या ज्ञानात ज्या ज्या वेळी खरी भर पडली, त्या त्या वेळी एका शास्त्राच्या प्रश्नास दुसऱ्या शास्त्राने उत्तर दिले आहे. शिल्पाचा काळ नाण्याने सुचविला, संप्रदायाची ओळख ताम्रपटाने दृढ केली, उपासनेतील पालट नावाने दर्शविला, झिजेचे कारण खडकाने सांगितले. परंतु या अभ्यासकांना कोणी एकत्र बसविले नव्हते. त्यांना एकत्र आणले ते एका अडलेल्या प्रश्नाने. आणि ज्या ज्या वेळी चूक झाली, त्या त्या वेळी एका शास्त्राने आपल्या कसोटीला सर्वज्ञ मानले होते, किंवा दुसऱ्याचा पुरावा त्याच्या मर्यादांसह न घेता केवळ त्याचा निष्कर्ष तेवढा उचलला होता. म्हणून आंतरविद्याशाखीय शिक्षणाचा पाया एकाच विषयाच्या सखोल अभ्यासात असला पाहिजे. आपल्या शास्त्राचा पुरावा कोठे थांबतो हे ज्यास कळत नाही, त्यास दुसऱ्याच्या शास्त्राचे दार कोठे आहे हेही कळणार नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे एक सूचना ठेवून हा लेख पुरा करतो. जोगेश्वरीच्या लेण्याची एक सामायिक नोंदवही आपल्या विभागात सुरू व्हावी. तीत दर पावसाळ्यापूर्वी व नंतर प्रत्येक भिंतीची छायाचित्रे असावीत, खडकाच्या स्थितीची टिपणे असावीत, आणि मजास, ओशिवरे, बांदिवली, आंबोली या भागांतील वृद्धांच्या तोंडची स्थलनामे व आठवणी त्यांच्याच बोलीत उतरून घेतलेल्या असाव्यात. यास मोठे अनुदान लागत नाही. बर्जेसची चूक सुधारण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली, तरी ती सुधारता आली, कारण शिल्पे जागेवर होती. ती पाण्याने पुसली गेल्यावर पुढील पिढीस आपल्या चुका सुधारण्याची सोय राहणार नाही.